शेजारी देशांनी शाश्वत पर्यटनासाठी सहकार्य कसे उभारावे

दोन-तीन शेजारी देशांनी मिळून पर्यटन वाढवायचे ठरवले की पहिल्या बैठका बहुधा जाहिरातीवरच खर्ची पडतात. बोधचिन्ह कोणते, घोषवाक्य कोणाच्या भाषेत, प्रदर्शनातील दालन किती मोठे, यातच वर्ष निघून जाते. पुढे पर्यटक येऊ लागतात, आणि पाणी, कचरा व घरभाडे यांचा ताण ज्या बाजूवर पडतो ती बाजू हळूहळू बैठकांना कनिष्ठ अधिकारी पाठवू लागते. म्हणून येथे क्रम मुद्दाम उलटा धरला आहे: आधी सामाईक क्षेत्र, मग मोजमाप, मग नियम आणि पैसा, त्यानंतर संस्था व सीमेवरील सवलती, आणि जाहिरात सर्वांत शेवटी.

सहकार्याचे क्षेत्र ठरवताना राजकीय नकाशा बाजूला ठेवून नदीचे खोरे, पर्वतरांग, किनारा किंवा वन्यप्राण्यांचा वावर यांचा नकाशा समोर घ्यावा. संपूर्ण देशांमध्ये करार केला तर तो इतका सर्वसाधारण होतो की कोणत्याही एका गावातील पर्यटनावर त्याचा परिणाम दिसत नाही. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या सुमारे ५०० किलोमीटर किनाऱ्यावर पसरलेल्या वाडन समुद्राचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. भरती-ओहोटीचा हा चिखलाळ पट्टा दरवर्षी एक कोटीहून अधिक स्थलांतरित पक्ष्यांचा थांबा असल्यामुळे एकाच देशाने त्याचे रक्षण करून भागणारे नव्हते. तिन्ही देशांनी १९८२ मध्ये संयुक्त घोषणापत्र काढले, १९८७ मध्ये सामाईक सचिवालय स्थापन केले, २००९ मध्ये जर्मन व डच भाग जागतिक वारसा यादीत गेला आणि २०१४ मध्ये त्यात डॅनिश भागाची भर पडली. शाश्वत पर्यटनाचे संयुक्त धोरणही २०१४ मध्येच स्वीकारले गेले, म्हणजे पहिल्या घोषणापत्रानंतर तब्बल ३२ वर्षांनी. प्रत्येकाने एवढे थांबावे असे नाही. पण संवर्धनाच्या कामातून एकमेकांची ओळख झालेले अधिकारी पर्यटनावर वाद घालतात, तेव्हा तो वाद सुटण्याची शक्यता अधिक असते.

(करारात शेजाऱ्यांना ‘देश’ म्हणावे की ‘अर्थव्यवस्था’, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य मंचाच्या २१ सदस्यांना ‘अर्थव्यवस्था’ असेच म्हटले जाते, कारण त्यांत हाँगकाँगसारखे सार्वभौम देश नसलेले सदस्यही आहेत. सार्वभौमत्वाचा वाद असलेल्या ठिकाणी असा तटस्थ शब्द आरंभीच ठरवून घेतल्यास पुढची बरीच पत्रापत्री वाचते.)

क्षेत्र ठरल्यावर मोजमाप सारखे करावे. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार किमान एक रात्र मुक्काम करणारा तो पर्यटक, आणि त्याच दिवशी परतणारा तो दिवसभराचा अभ्यागत. सीमावर्ती भागात दुसऱ्या प्रकारचे लोक मोठ्या संख्येने असतात. सकाळी एका देशातून येतात, दुसऱ्या देशातील धबधबा पाहतात, जेवण व मुक्कामाचे पैसे मात्र पहिल्याच देशात खर्च करतात. एका देशाने केवळ मुक्काम मोजले आणि दुसऱ्याने सीमेवरील सर्व प्रवेश मोजले, तर दोघांचे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२४ मध्ये पर्यटनाची शाश्वतता मोजण्याची सांख्यिकी चौकट स्वीकारली आहे; ती पायाभूत धरल्यास व्याख्यांवरून नव्याने भांडावे लागत नाही. तरीही सुरुवातीला निर्देशक आठ-दहाच घ्यावेत, उदाहरणार्थ: मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे लागणारे पाणी, प्रक्रियेविना सोडले जाणारे सांडपाणी, सर्वाधिक गर्दीच्या महिन्याचे सर्वांत कमी गर्दीच्या महिन्याशी प्रमाण, पर्यटनातील स्थानिकांचा रोजगार, आणि रहिवाशांना ही गर्दी कितपत सोसवते याविषयीचे त्यांचे स्वतःचे मत. शेवटचा निर्देशक अधिकाऱ्यांना अडचणीचा वाटतो व म्हणूनच मसुद्यातून गळतो. तो गळू देऊ नये.

नियम आणि पैसा हा या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे, कारण सहकार्य बहुतेक वेळा येथेच अडते. विरुंगा पर्वतरांगेत काँगो लोकशाही प्रजासत्ताक, रवांडा आणि युगांडा यांच्या सीमा मिळतात, आणि तेथील पर्वतीय गोरिलांचे कळप या सीमा ओलांडत राहतात. या उपप्रजातीची एकूण संख्या १,००० च्या किंचित वर असून, ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ती २०१८ मध्ये ‘संकटग्रस्त’ वर्गात आली. माणसांचे श्वसनविकार गोरिलांना होऊ शकतात. त्यामुळे एका कळपापाशी दिवसातून आठच पर्यटक आणि एकच तास, यांसारख्या मर्यादा पाळल्या जातात. एका देशाने ही मर्यादा सैल केली तर त्याचा आजार उरलेल्या दोघांच्या जंगलातही पोहोचतो. यावरून मसुदा लिहिणाऱ्याने घ्यायचा नियम असा की, ज्या गोष्टीचे नुकसान सीमा ओलांडते तिची मर्यादा सर्वत्र एकच असावी. ज्याचे नुकसान सीमेच्या आतच राहते ते प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने ठरवावे.

दर मात्र एकच असण्याची गरज नसते. परदेशी पर्यटकासाठी रवांडातील गोरिलादर्शनाचा परवाना २०१७ पासून १,५०० डॉलरना मिळतो, तर युगांडाने २०२४ मध्ये आपला दर ८०० डॉलर केला. एवढा फरक असूनही सहकार्य टिकते, कारण कळप सीमेपलीकडे गेला की त्यातून मिळणारे उत्पन्न वाटून घेण्याबाबत २००६ मध्येच समझोता झाला होता. असा समझोता कळप पलीकडे जाण्याच्या आधीच व्हायला हवा; गेल्यानंतर तो वाटणीचा वाद बनतो. स्थानिक समाजाला द्यावयाच्या वाट्याबाबतही सावध राहावे. रवांडा राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन महसुलाचे १० टक्के देतो आणि युगांडा उद्यानांच्या प्रवेशशुल्काचे २० टक्के देतो. वरवर युगांडाचा वाटा दुप्पट दिसतो, परंतु प्रवेशशुल्क हा एकूण महसुलाचा केवळ एक भाग असतो. करारात टक्केवारी लिहिण्यापूर्वी ती कोणत्या रकमेवर मोजायची, रक्कम किती दिवसांत द्यायची आणि हिशेब गावातील लोकांना कोठे पाहता येईल, हे तीन मुद्दे लिहून घ्यावेत.

संस्थेबाबत थोडक्यात सांगायचे तर, आरंभी मोठा बंधनकारक करार करण्याचा आग्रह धरू नये. युरोपातील कार्पेथियन पर्वतरांगेतील सात देशांनी २००३ मध्ये कीव्ह येथे आधी चौकट-करार केला आणि शाश्वत पर्यटनावरील स्वतंत्र पूरक करार २०११ मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे झाला. चौकट आधी व विषयवार करार नंतर, या पद्धतीत एखाद्या विषयावर मतभेद झाले तरी सगळे कोलमडत नाही. सचिवालय लहान असावे, अध्यक्षपद फिरते असावे, आणि वर्गणी समसमान न ठेवता प्रत्येकाच्या ऐपतीनुसार ठरवावी. मत मात्र सर्वांचे सारखेच धरावे.

सीमेवरील सवलती देताना कावांगो-झाम्बेझी संवर्धन क्षेत्राचा अनुभव लक्षात ठेवावा. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया व झिम्बाब्वे या पाच देशांचा करार २०११ मध्ये झाला, परंतु सामाईक व्हिसा २०१४ मध्ये केवळ झांबिया आणि झिम्बाब्वे या दोघांनी सुरू केला. त्यावर बोत्स्वानात दिवसभराची फेरी तेवढी करता येत असे. मध्यंतरी तो काही काळ बंदही पडला होता. तेव्हा तयार असलेल्या दोघांनी सुरुवात करावी, इतरांसाठी दार उघडे ठेवावे, आणि एका देशाच्या नाक्यावर जमा झालेल्या शुल्कात दुसऱ्याचा वाटा किती व तो कधी पोहोचवायचा, हे पहिला व्हिसा देण्याआधी ठरवावे. याच टप्प्यावर रुग्णवाहिका, वणवा विझवणारी पथके आणि परवानाधारक मार्गदर्शक यांना सीमा ओलांडण्याची मुभा देणारी तरतूदही करून घ्यावी, कारण ती पर्यटकांच्या व्हिसापेक्षा लवकर मान्य होते व उपयोगी पडते.

यानंतर जाहिरातीकडे वळण्यास हरकत नाही. संयुक्त प्रचाराचा खर्च आधीच गजबजलेल्या ठिकाणांवर न करता कमी गर्दीच्या महिन्यांवर आणि कमी परिचित बाजूवर करावा, आणि प्रचाराच्या करारातच थांबवण्याचे कलम घालावे. सांडपाणी किंवा पाणीवापराचा निर्देशक ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सलग दोन तिमाही गेला, तर त्या ठिकाणाचा प्रचार आपोआप बंद व्हावा. तो पुन्हा सुरू करण्यासाठी मात्र सर्व भागीदारांची लेखी संमती लागावी, आणि ज्याच्या हद्दीत ते ठिकाण आहे त्या देशाने एकट्याने दिलेला नकारही प्रचार बंद ठेवण्यास पुरेसा मानला जावा.