घरच्यांना ३२व्या किलोमीटरला उभं करा

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. सुरुवातीला टाळ्या वाजवायला सगळेच असतात. खरी गरज तिसाव्या किलोमीटरनंतर लागते, स्नायूंमधली साखर संपत येते आणि पाय शिशाचे होतात तेव्हा. म्हणून घरच्यांना तिथेच उभं करा. रस्त्याची कुठली बाजू, कुठला खांब, हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष जाऊन ठरवा.

पाम बीच रोडवर माझा लांब पल्ल्याचा सराव असला की आई नेरूळला थांबते. स्टीलच्या डब्यात मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. मी लांबून दिसले की ती झाकण काढून ठेवते. घामेजलेल्या बोटांना ते उघडत नाही, हे तिच्याच लक्षात आलं. नुसतं साधं पाणी मात्र तहानेपेक्षा जास्त पिऊ नका. रक्तातलं सोडियम घसरलं तर जिवावर बेतू शकतं.

‘आता थोडंच राहिलंय’ असं कुणी म्हणू नये, ते ऐकून उलट खचायला होतं. नावाने मारलेली हाक पुरते.

नियम आधी वाचा. आयर्नमॅनसारख्या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा सलग शर्यतीत, घरच्यांकडून खाणंपिणं घ्यायला बंदी असते. तिथे डबा घरीच ठेवायचा.