दरडीखालच्या गावात पावसाळा कसा काढावा

माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३). तिन्ही दरडी जुलैच्या उत्तरार्धातल्या. तोवर डोंगर पाणी पिऊन तट्ट झालेला असतो. इर्शाळवाडीचं तर दरडप्रवण गावांच्या यादीत नावही नव्हतं. म्हणून आपला डोंगर आपणच बघायला शिकावं.

१. मे महिन्यात घरामागची चढण चालून या. सह्याद्रीत खाली कातळ, वर मुरूम आणि माती. मुरलेलं पाणी कातळापाशी अडतं, मातीतला दाब वाढतो आणि वरचा थर सुटतो. घरासाठी उभा कापलेला उतार, यंत्राने सपाट केलेली जमीन, बुजलेले ओहोळ या जागा हेरून ठेवा. ओहोळ तेवढे लगेच मोकळे करा.

२. पाऊस मोजा. सपाट बुडाचं, सरळ कडांचं भांडं उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टी लावा. १ सेंमी पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. २४ तासांत २०४.५ मिमी ही हवामान खात्याची सर्वांत वरची पायरी. पण त्या आकड्याची वाट बघत बसू नका. चार-पाच दिवस संततधार लागली असेल, तर त्याहून कमी पाऊसही पुरतो.

३. खुणा बघत राहा. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, कललेलं झाड वा विजेचा खांब, अचानक अडकू लागलेलं दार, नसलेल्या जागी फुटलेला झरा. सगळ्यांत वाईट म्हणजे भर पावसात ओहोळ एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं: वर कुठेतरी माती सरकून पाणी तुंबलेलं असू शकतं.

४. खूण दिसली की दिवसाउजेडी निघा. इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री, माणसं झोपेत असताना. ‘उद्या सकाळी बघू’ हे वाक्य पावसाळ्यापुरतं तरी बंद करा. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या आधी हलवा. गुरांची दावी सोडून द्या; गोठ्यापायी माणसं मागे राहतात.

५. घरघर ऐकू आली तर उताराच्या दिशेने खाली धावू नका, दरड तुमच्यापेक्षा वेगवान असते. ओहोळाची वाट सोडून आडवं पळा.

नंतर सामान काढायला परत जाऊ नका, त्याच जागी दुसरी दरड येऊ शकते. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर कळवा, आणि कोणत्या घरात किती माणसं होती ते आधी सांगा.