गाडी लो केली, आता टायर कुठला टाकू?

गाडी लो करणं, म्हणजे कंपनीपेक्षा खाली बसवणं, सोपं आहे हो, स्प्रिंगा बदलल्या, दुपारपर्यंत काम झालं, पण खरी गंमत होते टायर निवडताना आणि तिथेच सगळे फसतात. मी पण फसलोय. माझी २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचा टायर १६५/८० आर१४. पस्तीस मिलिमीटर खाली बसवली आणि सेकंडहँड १५ इंची अलॉय रिम घेऊन टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दादा, लो गाडीला बारका टायरच लागतो, नायतर मडगार्डला घासणार, हा १९५/५० घाला, एकदम बसतो." मला पण पटलं, कारण ऐकायला बरोबर वाटतं ना, गाडी खाली आली म्हणजे टायर पण छोटा. दिसायला झकास. घरी आणली तर बाबा अंगणातूनच ओरडले, "मेल्या, ही गाडी आहे की घोरपड?"

आठ दिवसांनी गुहागरहून दापोलीला निघालो, धोपाव्याला फेरीबोटीत चढायचं होतं, ओहोटी होती त्यामुळे रॅम्प चांगलाच उभा, पुढचा बंपर टेकला आणि मागोमाग चेंबरखालून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या डब्याखालून, कर्रर्र असा आवाज आला की अजून कानात आहे. मागे टेम्पोवाला हॉर्न मारतोय, बोटीवरचा पोरगा "येऊ दे येऊ दे" करतोय आणि मी घामाघूम.

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. हिशोब अवघड नाही, शाळेतल्या पोराला पण जमेल. टायरवर लिहिलेला पहिला आकडा म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या किती टक्के, आणि आर नंतरचा आकडा रिमचा इंच. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२, वर एक साइडवॉल आणि खाली एक म्हणून दुप्पट २६४, त्यात १४ इंचाचे ३५५.६ मिळवा, झाली ६१९.६ मिलिमीटर. ही तुमच्या टायरची पूर्ण उंची. आता मला घातलेला १९५/५० आर१५ बघा, १९५ अधिक ३८१ म्हणजे ५७६. जवळजवळ ४४ मिलिमीटर कमी! याच्या निम्मी, म्हणजे २२, गाडी अजून खाली बसली. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचं पोट यातलं अंतर, १६३ मिलिमीटर, त्यातले ३५ स्प्रिंगांनी खाल्ले, २२ टायरने खाल्ले, उरले १०६. एवढ्यात फेरीबोटीचा रॅम्प कसा चढणार, सांगा बघू. शिवाय स्पीडोमीटर पण खोटं बोलायला लागतो, काटा १०० वर तेव्हा गाडी ९३ च्या आसपास, आणि मीटरवर किलोमीटर उगाच जास्त पडतात ते वेगळंच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. लो गाडीचा टायर छोटा करायचा नाही, बाहेरची उंची कंपनीएवढीच ठेवायची, फार तर तीन टक्के इकडेतिकडे. १८५/६५ आर१५ ची उंची येते ६२१.५, हाच टायर स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच देते. १९५/६० आर१५ ची ६१५. सोळा इंची हवीच असतील तर १९५/५५ आर१६ ची ६२०.९, तो पण बसतो. वरच्या बाजूला खरंच जागा कमी पडत असेल तर १८५/६० आर१५, उंची ६०३, म्हणजे मडगार्डशी आठ मिलिमीटर जास्त जागा मिळते आणि तेवढीच खालून जाते. हा सौदा समजून करायचा, टायरवाला म्हणतो म्हणून नाही.

मग घासतं ते कशाने? बहुतेक वेळा उंचीने नाही, रुंदीने आणि ऑफसेटने. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यापासून नट बसतात ती बाजू किती मिलिमीटरवर आहे ते, रिमच्या आतल्या बाजूला ईटी ४५, ईटी ३८ असं कोरलेलं असतं, ईटी जितका कमी तितकं चाक बाहेर येतं. समजा आधीचं रिम साडेपाच जे (म्हणजे साडेपाच इंच रुंद), ईटी ४५ होतं आणि तुम्ही साडेसहा जे, ईटी ३८ घेतलं, तर चाकाची बाहेरची कड जवळजवळ २० मिलिमीटर बाहेर आली. उभ्या गाडीला मस्त दिसतं, गाडी दाबली गेली की मडगार्डची कड टायर सोलायला लागते. रिम घेताना पीसीडी (किती नट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती) बघालच, स्विफ्टला ४ गुणिले १००, पण मधलं भोक कुणी बघत नाही. स्विफ्टचं ५४.१ मिलिमीटर आहे, रिमचं मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग घाला, नाहीतर ऐंशीला स्टेअरिंग थरथरणार आणि तुम्ही बॅलन्सिंगवाल्याला शिव्या घालत बसणार.

घासतंय का हे बघायची माझी पद्धत सांगतो, हसू नका. गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती करतात तिथून, मूठभर शाडूची माती आणायची, तिच्या बोटभर जाडीच्या वळ्या करून मडगार्डच्या आतल्या कडेला आणि लाइनरवर (आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर) तीन-चार ठिकाणी चिकटवायच्या. मग मागे तिघं माणसं, डिकीत तांदळाच्या दोन गोणी, आणि हळूहळू गावातले गतिरोधक, चढावरचं वळण, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण तोडून रिव्हर्स. घरी येऊन बघायचं. वळी सपाट झाली असेल तर तिथे टायर पोचतोय, कुठे आणि किती ते मातीवर छापलेलं असतं. रिकाम्या गाडीत एकटे फिरून "नाही घासत" म्हणू नका, चतुर्थीला सगळं घर गाडीत बसल्यावर कळतं मग.

आता आपल्याकडचं. पुण्या-मुंबईची पोरं ४५-५० साइडवॉल घालतात, घालू देत. इथे जांभ्याचे रस्ते, पावसाळ्यात खड्डा कुठला आणि डबकं कुठलं कळत नाही, साइडवॉल पातळ असली की खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये टायर चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला टेंगूळ येतं. असलं टेंगूळ पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही, टायर फेकायचाच. त्यामुळे माझ्या मते कोकणात लो गाडीला १५ इंच आणि ६० किंवा ६५ साइडवॉल यापुढे जाऊ नये. रुंदीचं पण तेच, रुंद टायर कोरड्या रस्त्यावर पकड देतो पण पाण्यावर लवकर तरंगतो, आणि आपल्याकडे चार महिने पाणीच पाणी. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, मी तीनला बदलतो, कशेडी नाहीतर आंबोली पावसात उतरून बघा म्हणजे कळेल का ते.

साइजच्या पुढे ८५टी, ८८एच असं असतं ते पण वाचा. आकडा वजनाचा, अक्षर वेगाच्या मर्यादेचं. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, आणि मला घातलेला ८२ चा होता, ४७५ किलो! कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी कधीच घ्यायचा नाही. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, दुकानात कोपऱ्यात पडलेला जुना माल स्वस्तात मिळतो तो असा ओळखायचा. हवा दारावरच्या स्टिकरवरून सुरुवात करून भरा, लो गाडीत कमी हवा म्हणजे रिमचा खून. आणि विमावाल्यांना बदल कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

टायर बसवला की अलायमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट लावून घेणं, लगेच. गाडी खाली आली की पुढची चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या बाजूने खातो, बाहेरून नवाकोरा दिसतो आणि आत तार दिसायला लागलेली असते, मला हे लिफ्टवर गाडी चढवल्यावर कळलं. स्विफ्टच्या मागच्या चाकांना ॲडजस्टमेंट नसते, त्यामुळे मागे कमीजास्त वाटलं तर स्प्रिंगच तपासा.

आता माझ्याकडे १८५/६५ आर१५ आहेत, उन्हाळाभर आणि एक पूर्ण पावसाळा झाला. धोपाव्याला अजूनही भरतीची वेळ बघूनच निघतो, आणि रॅम्पवर जागा असेल तर थोडी तिरकी चढवतो, एकेक चाक वर घेत. नवीन रिम बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट परत एकदा आवळून घ्या, आणि खाडीवरून आलात की रिम गोड्या पाण्याने धुवा, खारी हवा अलॉयच्या कडा खाते.