हार्ड डिस्क फॉरमॅट करताना क्लस्टरचा आकार कसा निवडावा

डिस्कवरील मजकुराची प्रत दुसरीकडे घेतलेली आहे, असे गृहीत धरतो. विंडोजमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडावे. डिस्क घरच्या किंवा दुकानाच्या संगणकाला कायम जोडलेली राहणार असेल, तर फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, एनटीएफएसच घ्यावी. कोकणातल्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि बदलांची नोंद ठेवून अशा वेळी सावरण्याची एनटीएफएसची सोय एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये नाही.

त्याच खिडकीत ‘ॲलोकेशन युनिट साइझ’ हा रकाना दिसतो, तोच क्लस्टरचा आकार (क्लस्टर म्हणजे फाइलींना जागा देताना डिस्क ज्या तुकड्यांत मोजली जाते तो एक तुकडा), आणि ‘सर्वांत मोठा आकडा निवडा, डिस्क पळेल’ हा सल्ला नेमका येथेच दिला जातो. तो मुळीच ऐकू नये. काहीशे बाइटांच्या अगदी बारीक फाइली सोडल्या, तर फाइल लहान असली तरी डिस्कवर तिला निदान एक पूर्ण क्लस्टर द्यावा लागतो. पेटीत एकच हापूस ठेवला तरी भाडे पूर्ण पेटीचे पडते, तसेच हे आहे. समजा, देवगडच्या एखाद्या बागायतदाराकडे प्रत्येकी ५ केबीच्या १ लाख पावत्या आहेत. मूळ माहिती सुमारे ५०० एमबी आहे. क्लस्टर ४ केबीचा असल्यास ती सुमारे ८०० एमबी जागा घेते, तर १२८ केबीचा असल्यास १२ जीबीहून अधिक. म्हणून सरासरी काढून फसू नये: लग्नाचे चार मोठे व्हिडिओ सरासरी फुगवतात, पण जागा वाया जाते ती हजारो बारीक फाइलींमुळे. फाइलींची संख्या गुणिले अर्धा क्लस्टर, एवढी नासाडी धरून चालावे. फाइली अर्ध्या क्लस्टरहून लहान असतील तर ती याहूनही जास्त होते.

१६ टीबीपर्यंतच्या एनटीएफएस डिस्कला विंडोज आपणहून ४ केबी सुचवते आणि मिश्र कामासाठी माझे मत तेच आहे. शिवाय एनटीएफएसची कॉम्प्रेशनची (फाइली दाबून लहान करण्याची) सोय ४ केबीच्या पुढे बंद होते. केवळ व्हिडिओ साठवायचे असतील तरच ६४ केबी घ्यावे, कारण त्यात फाइलींचे तुकडे कमी पडतात, मात्र वेग दुप्पट होईल अशी आशा बाळगू नये. एक्सफॅटमध्ये उलटी सावधगिरी हवी: ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हला तेथे आपोआप १२८ केबी लागतो, तेव्हा कागदपत्रे ठेवायची असल्यास आकडा स्वतः कमी करावा.

‘क्विक फॉरमॅट’ पुरेसे आहे.

सगळा मजकूर परत भरण्याआधी २ केबीची एक फाइल टाकून तिच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘साइझ ऑन डिस्क’ निवडलेल्या क्लस्टरएवढाच दिसतो का, ते पाहावे. त्याहून फारच लहान फाइल घेऊ नये. काहीशे बाइटांची फाइल एनटीएफएस आपल्या मुख्य नोंदतक्त्यातच सामावून घेते आणि आकडा शून्य दिसतो.