तुरुंगात राहून आलेल्या भजनी आबाजींवर डॉक्युमेंटरी करताय? मग या चुका टाळा

आमच्या आर्वी तालुक्यात खंजिरी भजनं रचणारे एक आबाजी आहेत, वय ८६, आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली आत होते. दोन वर्षांपासून मी त्यांच्यावर डॉक्युमेंटरी करतोय आणि पहिल्या सहा महिन्यांचं शूटिंग जवळजवळ सगळं वाया गेलं, म्हणून हे लिहितोय, कारण तुमच्या गावात असं कोणी असेल तर हातात वेळ फार कमी आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी तुरुंगाचं विचारणं. मी कॅमेरा लावला आणि विचारलं, आबाजी, अटक कशी झाली? तर सत्काराच्या कार्यक्रमात दरवेळी सांगतात तेच त्यांनी सांगितलं, शब्दसुद्धा तेच. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा म्हणाले, "तू जेलचंच विचारून रायला बाबू, चाल कशी सुचली ते कोणी विचारतच नाही." मग विचारलं. तसे उठले, आतून जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, थाळी आणली, मांडीवर उपडी ठेवली आणि बोटांनी वाजवायला लागले. खंजिरी आत नेऊ दिली नव्हती, म्हणून चाल थाळीवर बसवली, आणि थाळीला झांजा नाहीत तर त्या जागा तोंडानं 'छन छन' करून भरल्या. आजही त्या भजनात ते तिथं खंजिरी थांबवतात आणि तोंडानंच म्हणतात. मी लहानपणापासून ऐकतोय, मला ती त्यांची लकब वाटायची.

म्हणून आधी गाणं विचारा, तुरुंग त्यातून आपोआप येतो. इसांग युन या कोरियन संगीतकाराला १९६७ मधे पश्चिम बर्लिनहून पळवून सोलच्या तुरुंगात टाकलं होतं, तिथं त्यांनी ऑपेरा लिहून पूर्ण केला, म्हणजे अशा माणसाची खरी गोष्ट त्याच्या रचनेतच असते.

आता आवाज. मोबाईलवर ऑटो लेव्हल ठेवली की खंजिरीच्या प्रत्येक थापेला माइक दबतो आणि आबाजींचा आवाज बुडतो. लेव्हल हातानं लावा, जोरातली थाप मीटरवर -१२ डीबीच्या आसपास राहू द्या, आणि कॉलर माइक खंजिरीच्या हाताच्या बाजूला लावू नका. कुलर बंद करायला लागतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत बसा, दहानंतर ते थकतात. ट्यूबलाइटखाली पट्टे येत असतील तर २५ फ्रेम, शटर १/५०, झालं. आणि एडिटिंगमधे त्यांच्या भजनावर करुण बासरी तर अजिबात टाकू नका, माझ्या पहिल्या कटमधे होती, ते बघून आबाजी काहीच बोलले नाहीत, नुसते उठून गोठ्याकडं गेले.

तारखांची गडबड हमखास होते. आमच्याकडं 'जेलात गेलेले भजनवाले' म्हटलं की लोक थेट बेचाळीसवर जातात, चिमूर, तुकडोजी महाराजांची अटक वगैरे, आणि नातवंडंही तसंच सांगतात. आबाजी तेव्हा तीन-चार वर्षांचे असतील! त्यांचं प्रकरण २५ जून १९७५ नंतरचं, आणीबाणी उठली २१ मार्च १९७७ ला. मी कोर्टाचा निकाल शोधत दोन महिने घालवले, पण मिसात खटला न चालवताच डांबून ठेवायचे, तर निकाल येणार कुठून. स्थानबद्धतेचा आणि सुटकेचा कागद शोधा, आमच्याकडं तो पोथीच्या कापडात गुंडाळलेला निघाला.

घरच्यांना शेजारी बसवू नका. मुलगा वाक्य पूर्ण करून देतो आणि आबाजी गप्प होतात. आजी मात्र असू द्या, त्या चुका काढतात, आणि चूक काढली की आबाजी आणखी खुलून सांगतात.

भजनं वापरायची लेखी परवानगी पहिल्याच महिन्यात घ्या, चाल त्यांची आहे, त्यांच्यानंतरही ६० वर्षं हक्क वारसांकडं राहतो. रेकॉर्डिंग त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा. आबाजींची अकरा भजनं अजून कुठंच लिहिलेली नाहीत, पेरणी आटोपली की मी माइक आणि ती थाळी घेऊन पहिल्यापासून बसणार आहे.