दिलेल्या अक्षरांतून लांब इंग्रजी शब्द काढताना

समोर सात इंग्रजी अक्षरं आहेत आणि त्यांतून जमेल तेवढा मोठा शब्द काढायचा आहे, अशी वेळ आली की बहुतेक नवखे अक्षरं नुसती उलटसुलट फिरवत बसतात. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या मांडण्या ५,०४० होतात. घड्याळ चालू असताना एवढ्या कोण बघणार? मी स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल म्हणजे चौकोनी सोंगट्या पटावर लावून शब्द बनवण्याचा खेळ) खेळते, नव्या मंडळींना शिकवतेही, आणि त्यातून माझं मत पक्कं झालं आहे: शब्दसंग्रह वाढवायचं नंतर बघू, आधी शब्दाचं शेपूट ओळखायला शिका.

शाळेत उपसर्ग-प्रत्यय घोकले होते ना? तेच इथे कामाला येतात. समजा ए, सी, ई, आय, एन, ओ, आर, टी ही आठ अक्षरं आहेत. टी-आय-ओ-एन उचलून उजवीकडे ठेवा. डावीकडे उरली फक्त चार: ए, सी, ई, आर. 'रिॲक्शन' दिसेल. तीच चार जरा हलवली की 'क्रिएशन'. आठ अक्षरांचा गुंता चारावर आला, एवढीच युक्ती. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, आय-ई-आर, एन-ई-एस-एस, ए-बी-एल-ई ही नेहमीची शेपटं. पुढच्या बाजूला आर-ई, यू-एन, डी-आय-एस, ओ-व्ही-ई-आर आणि ओ-यू-टी. स्क्रॅबलमध्ये हे शेवटचं 'आउट' फार उदार आहे, ते कितीतरी क्रियापदांना लागतं.

पण आय-एन-जीचा मोह आवरायला हवा. ए, ई, जी, आय, एन, आर, टी हाती आली की 'टेअरिंग' लगेच सुचतो आणि डोकं तिथेच अडकतं. याच अक्षरांत 'ग्रॅनाइट' आणि 'इन्ग्रेट'सुद्धा आहेत, आणि 'टेअरिंग' पटावर कुठेच बसत नसेल तेव्हा त्यांतलाच एखादा बसतो. म्हणून एक शेपूट लावून बघितलं की ते मोडायचं आणि दुसरं लावायचं. मी तर रॅकवरच्या (आपल्या सात टाइल ठेवायच्या पट्टीवरच्या) टाइल खरोखर हलवते. मनातल्या मनात हलवणारे पटाईत असतात, त्यांना नमस्कार.

मराठी माध्यमातून आलेल्यांची एक वेगळी अडचण असते. आपण कानाने वाचतो. टी-आय-ओ-एन आपल्याला 'शन' ऐकू येतं, आणि मग समोरच्या टी आणि ओकडे लक्षच जात नाही. ओठ मिटून, अक्षरं नुसती चित्रासारखी बघायची सवय लावा. सी-एच, टी-एच, सी-के असली जोडपी जवळजवळ ठेवून पाहा.

आता पाठांतराचं. लोक क्यू आणि झेडचे भारी भारी शब्द पाठ करतात, ते ऐटीपुरतं ठीक आहे. स्क्रॅबलच्या १०० टाइलमध्ये ई १२ आहेत, ए आणि आय ९-९, एन, आर, टी ६-६. क्यू आणि झेड एकेकच. हा खेळ बनवणारे आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं होतं. तेव्हा जी अक्षरं वारंवार हाती येणार, त्यांचे शब्द आधी. सुरुवात 'रेटिना'पासून करा. त्याच्या सहा अक्षरांत सी मिळवला की 'सर्टन', डी मिळवला की 'ट्रेन्ड' (शिकवलेला), पी मिळवला की 'पेंटर', एम मिळवला की 'मिनरेट', के मिळवला की 'केरॅटिन', एच मिळवला की 'हेअरनेट'. सातही टाइल एकदम लावल्या की ५० गुण जादा मिळतात, म्हणजे अशा एका सहाक्षरी गटाचा अभ्यास लगेच वसूल होतो.

पाठांतरासाठी कार्ड करायचं तर पुढे अक्षरं वर्णानुक्रमाने लिहा, मागे उत्तरं. 'रेटिना' म्हणजे ए-ई-आय-एन-आर-टी. टाइल हाती आल्या की रॅकसुद्धा याच क्रमाने लावायचा. ओळखीचा क्रम दिसला की उत्तर आपोआप वर येतं. अर्थ पाठ करायचा की नाही, यावर वाद आहे. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, हे खरं. पण आपण काही रिचर्ड्स नाही. 'रेटसिना' ही ग्रीसमधली राळेच्या वासाची वाइन, हे कळल्यावर तो शब्द मी पुन्हा विसरले नाही.

कोडं कुठल्या जातीचं आहे हेही बघा. ब्रिटनच्या 'काउंटडाउन' या टीव्ही कार्यक्रमात नऊ अक्षरं आणि ३० सेकंद, प्रत्येक अक्षर जेवढ्यांदा मिळालं तेवढ्यांदाच. न्यूयॉर्क टाइम्सच्या 'स्पेलिंग बी' या कोड्यात सात अक्षरं हवी तितक्यांदा वापरा, फक्त मधलं आलंच पाहिजे. तिथे एस नसतो, त्यामुळे अनेकवचनांची आशा सोडा. सातही अक्षरं येणारा शब्द मात्र आधी शोधा, त्याला ७ गुण जादा आहेत.

तिसरी जात म्हणजे 'ही अक्षरं असलीच पाहिजेत, बाकी कुठलीही चालतील'. उदाहरणार्थ पाचही स्वर: 'इक्वेशन', 'एज्युकेशन', 'कॉलिफ्लॉवर'. इथे शेपूट फारसं पुरत नाही, संगणक घ्या. मॅकवर शब्दांची फाइल आधीपासून असते, लिनक्सवर नसेल तर टाकून घेता येते. एकेका अक्षरासाठी 'ग्रेप' (फाइलमधून हव्या त्या ओळी शोधून देणारी आज्ञा) चालवायचं, एकाचं उत्तर पुढच्याला द्यायचं आणि शेवटी लांबीनुसार लावायचं. उलट, अक्षरं तेवढीच वापरायची असतील तर प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमाने लावून तीच किल्ली (शब्द शोधायची खूण) करायची, कार्डावर केली तशीच. 'रिॲक्शन' आणि 'क्रिएशन' एकाच किल्लीखाली सापडतील.

फक्त मॅकवरची ती यादी १९३४ च्या वेब्स्टर कोशातून आलेली आहे. तिच्यात आज कुणी न वापरणारे शब्द ढीगभर आहेत आणि साधी अनेकवचनं बहुतेक नाहीत. आपल्याकडच्या स्क्रॅबल स्पर्धांत कॉलिन्स कोशाची शब्दयादी चालते, त्यामुळे तिथला सराव त्या यादीवरच करा.