बाटलीवरच्या टक्क्यांपासून मोलॅरिटीपर्यंत : द्रावणाच्या संहतीची एकके कशी बदलावीत

द्रावणाची संहती सांगणारे प्रत्येक एकक म्हणजे एक अपूर्णांक असतो. त्याच्या अंशस्थानी द्राव्य असते, ग्रॅममध्ये, मिलिग्रॅममध्ये किंवा मोलमध्ये (मोल म्हणजे कणांची संख्या मोजण्याचे एकक). छेदस्थानी मात्र कधी द्रावणाचे आकारमान असते, कधी द्रावणाचे वस्तुमान, तर कधी नुसत्या द्रावकाचे वस्तुमान. सूत्रे पाठ करण्यापेक्षा, दिलेल्या आणि हव्या असलेल्या एककाचे अंश व छेद आधी कागदावर लिहून काढावेत, म्हणजे नेमके काय बदलायचे आहे ते दिसते. ग्रॅमचे मोल करायला मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचे ग्रॅममधील वजन, लागते आणि वस्तुमानाचे आकारमान करायला घनता लागते. बहुतेक सगळी गणिते या दोन आकड्यांवर सुटतात.

प्रयोगशाळेतील संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली घ्या. लेबलवर वजनी 37 टक्के आणि घनता 1.19 ग्रॅम प्रति मिलिलिटर असे लिहिलेले असते. मोलर वस्तुमान 36.46. एक लिटर द्रावणाचे वजन 1190 ग्रॅम भरते, त्याच्या 37 टक्के म्हणजे 440.3 ग्रॅम आम्ल, आणि त्याला 36.46 ने भागले की मोलॅरिटी, म्हणजे एक लिटर द्रावणातील द्राव्याचे मोल, सुमारे 12.1 येते. येथे सर्रास होणारी चूक म्हणजे घनता विसरून लिटरमध्ये 370 ग्रॅम आम्ल धरणे. तसे केल्यास उत्तर 10.1 येते, म्हणजे खऱ्यापेक्षा सुमारे 16 टक्के कमी, आणि त्यावरून तयार केलेले प्रत्येक विरल द्रावण हवे त्यापेक्षा तीव्र होते.

याच बाटलीची मोलॅलिटी, म्हणजे एक किलोग्रॅम द्रावकामागे द्राव्याचे मोल, काढताना छेद बदलतो. 100 ग्रॅम द्रावणात 37 ग्रॅम आम्ल व 63 ग्रॅम पाणी आहे, 1.015 मोल भागिले 0.063 किलोग्रॅम, म्हणजे 16.1. एकाच द्रावणाचे 12.1 आणि 16.1 हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. पाण्यातील अतिविरल द्रावणात हे दोन आकडे जवळजवळ सारखे येतात, म्हणून फरक लक्षात राहत नाही आणि संहत द्रावणाशी गाठ पडली की गफलत होते. तापमान वाढले की द्रावण प्रसरण पावते आणि मोलॅरिटी किंचित उतरते, मोलॅलिटी मात्र तशीच राहते; उत्कलनांकाच्या किंवा गोठणांकाच्या गणितात मोलॅलिटी वापरतात ती याचसाठी.

या आम्लापासून 0.1 मोलर द्रावण एक लिटर करायचे असेल, तर मोलॅरिटी गुणिले आकारमान दोन्हीकडे समान ठेवावे : 0.1 × 1000 ÷ 12.1, म्हणजे सुमारे 8.3 मिलिलिटर. मोजचंबूत आधी निम्म्याहून अधिक पाणी घ्यावे, आम्ल त्यात सावकाश ओतावे, थंड होऊ द्यावे आणि मगच खुणेपर्यंत पाणी भरावे. उघडलेल्या बाटलीतून वायू निसटत असल्यामुळे 37 हा आकडा अंदाजापुरता धरावा आणि खरी संहती निर्जल सोडियम कार्बोनेटने अनुमापन (टायट्रेशन) करून ठरवावी.

नॉर्मॅलिटी, म्हणजे एक लिटर द्रावणातील द्राव्य अभिक्रियेत जितके मोल हायड्रोजन आयन किंवा इलेक्ट्रॉन देते-घेते तो आकडा, ही अभिक्रियेवर अवलंबून असते. पूर्ण उदासिनीकरणात 1 मोलर सल्फ्युरिक आम्ल 2 नॉर्मल असते. 1 मोलर पोटॅशियम परमँगनेट आम्लधर्मी माध्यमात 5 नॉर्मल, तर उदासीन माध्यमात 3 नॉर्मल धरले जाते. अभिक्रिया न सांगता लिहिलेली नॉर्मॅलिटी माझ्या मते वापरूच नये.

पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांत एक भाग, वस्तुतः मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम. पिण्याच्या पाण्याचे एक लिटर जवळपास एक किलोग्रॅम असल्यामुळे तेथे मिलिग्रॅम प्रति लिटर हाच पीपीएम मानतात, पण 1.84 घनतेच्या सल्फ्युरिक आम्लाला ही सवलत लागू नाही. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत भूजलातील फ्लोराइड हा आरोग्याचा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 नुसार पर्यायी स्रोत नसल्यास चालणारी त्याची कमाल मर्यादा 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे 19 या फ्लोराइडच्या मोलर वस्तुमानाने भागून लिटरला 0.079 मिलिमोल.

पाण्याचा अहवाल वाचताना आकडा ‘कशाच्या रूपात’ दिला आहे हे आधी पाहावे. आपल्या मानकात नायट्रेट 45 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालते, तर अमेरिकेची मर्यादा 10 आहे. मात्र ती नायट्रोजनच्या रूपात मोजलेली असून 62 ÷ 14 ने (नायट्रेट व नायट्रोजनची मोलर वस्तुमाने) गुणल्यास सुमारे 44 येते. अहवालात 12 असा आकडा असेल आणि तो नायट्रेटचा असेल, तर पाणी मर्यादेत आहे; नायट्रोजनचा असेल, तर तेच 53 होते आणि ते पाणी बाळाला देऊ नये.

कठीणपणाही असाच कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात सांगतात. त्यासाठी कॅल्शियमचे मिलिग्रॅम 2.5 ने व मॅग्नेशियमचे 4.12 ने गुणून बेरीज करावी. 60 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 24 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असलेल्या पाण्याचा कठीणपणा 150 अधिक 99, म्हणजे 249 येतो, जो 200 या स्वीकारार्ह पातळीच्या वर, पण 600 या कमाल मर्यादेच्या बराच खाली आहे.